पिठ्या ढेकणाचं नाव

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता 'एआय आणि आपली मुलं'. मी म्हटलं, त्या विषयावर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ऐकताच, मी ढेकणांवर बोलते. पलीकडे दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग आपला मित्र म्हणाला, "अगं, या वेळी लॉज चांगला बघितलाय, तशी तक्रार यायची नाही."

त्याची भीती रास्त होती, पण मी गादीतल्या ढेकणांबद्दल बोलणार नाही. झाडावरचे ढेकूण वेगळे. सोंड खुपसून रस ओढणारे किडे शास्त्रात एकाच मोठ्या गणात येतात. मावा त्यातलाच, तुडतुडे त्यातलेच आणि ज्वारीच्या कणसावरचा ढेकूणही त्यातलाच. दाण्यात दूध भरत असताना कणसावर हिंडणारा तो बारीक हिरवट किडा आपल्यापैकी शेतातल्या मुलांनी नक्की बघितला असेल. त्याचं शास्त्रीय नाव कॅलोकोरिस अंगुस्टाटस. ते १८९३ साली लेथिएरी नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने ठेवलं. ज्वारी आपली, किडा आपल्या कणसावरचा आणि बारसं केलं परक्याने. असो.

एखाद्या किड्याला नाव कसं मिळतं, ते चुकतं कसं आणि चुकलं तर काय होतं, एवढंच मला सांगायचं आहे. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. इंजिनियरिंग केलं आणि गेली वीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या धंद्यात 'बग' म्हणतात तो वेगळा. पण माझ्या एका चुकीच्या नावाची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून हा विषय.

साल २००८. तेव्हा आपला जिल्हा कागदोपत्री उस्मानाबादच होता. आमचं शेत कळंब तालुक्यात, हे काही जणांना माहीत आहे. हुरड्याला आला होतात तुम्ही. आपल्याकडे कापूस हे काही मुख्य पीक नव्हे. तरी बीटीची हवा होती, शेजाऱ्यांनी लावला होता, म्हणून अण्णांनीही दोन एकर लावला. पोळ्यानंतर त्यांचा फोन आला. "बाई, कापसावर पीठ सांडल्यावाणी झालंय. शेंडे गोळा व्हायलेत. औषध मारलं तर अंगावर पाणीच ठरंना."

पाणी ठरत नव्हतं, कारण पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो. मादीला पंख नसतात. ती एका जागी बसून रस ओढते आणि मागे कापसासारख्या पिशवीत शेकडो पिल्लं सोडते. तिच्या अंगातून गोड चिकट पाणी सुटतं, त्यावर मुंग्या येतात आणि पानावर काळी बुरशी धरते. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला गूगल माहीत होतं.

माझ्या भावाने त्याच्या मोबाइलवर फोटो काढले, गावातल्या नेट कॅफेत जाऊन मला मेल केले. मी हिंजवडीत दोन मोठे मॉनिटर समोर घेऊन बसले होते. एका मॉनिटरवर भावाचे धुरकट फोटो, दुसऱ्यावर इंटरनेटवरचे. अर्ध्या तासात माझं निदान तयार होतं: हा जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण. का, तर त्याचे फोटो सगळ्यात जास्त सापडले. भावाने पाठवलेल्या एका फोटोत पांढऱ्या ढेकणांच्या मधे तांबूस-तपकिरी, टणक, जिऱ्याएवढे दाणे दिसत होते. त्याने विचारलं होतं, "हे काय असेल?" मी लिहिलं, "किडीचे कोष असावेत. फुटायच्या आत फवारणी करून घ्या."

अण्णांनी फवारणी करून घेतली. त्या हंगामात एकूण सहा झाल्या. कापूस हाती आला तो फवारणीचा खर्च निघण्याइतकाही नव्हता, आणि दुकानाची उधारी फेडायला घरच्या दोन शेळ्या विकल्या. आपल्या उस्मानाबादी शेळ्या, एक गाभण होती. आईने तेव्हा मला काहीच सांगितलं नाही. दिवाळीला घरी गेले तर गोठ्याचा एक कोपरा रिकामा होता.

आठ वर्षांनी आमच्या कंपनीकडे एक काम आलं. शेतकऱ्याने पिकावरच्या किडीचा फोटो पाठवायचा, प्रोग्रॅमने कीड ओळखायची. मला बरं वाटलं, वाटलं कुठेतरी फिटतंय. किड्यांच्या नावांची यादी आमच्या हातात आली. त्यात शत्रुकिडींबरोबर मित्रकिडीही होत्या, आणि कापसाच्या पिठ्या ढेकणाखाली एक नाव होतं: एनासियस बंबावालेई. शेजारी फोटो. तांबूस-तपकिरी टणक दाणा, जिऱ्याएवढा, आणि त्याला एका बाजूला गोल भोक.

मी तो फोटो बघत बसले. तो कोष नव्हता. ती ममी होती.

चिलटाएवढी काळी गांधीलमाशी पिठ्या ढेकणाच्या पिल्लात एक अंडं घालते. आत अळी होते, ती ढेकणाला आतून खाते. ढेकणाचं वरचं मेण झडतं, कातडं कडक, तपकिरी होतं आणि साधारण दोन आठवड्यांत त्याला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. म्हणजे आमच्या शेतात फुकटचं औषध तयार होत होतं आणि ते फुटायच्या आत मारा, असं मी लिहून कळवलं होतं. इंग्रजी सहीसकट.

पुढचं ऐका. काही आठवड्यांनी यादीची सुधारित प्रत आली. त्यात बंबावालेई खोडून अ‍ॅरिझोनेन्सिस लिहिलेलं. मी वैतागले. आम्हा लोकांना एक खोड असते: एका वस्तूला एक ओळख द्यायची आणि ती जन्मात बदलायची नाही. मी विचारलं, "नेमकं बरोबर काय? रोज नाव बदलणार असेल तर प्रोग्रॅम कसा लिहायचा?" यादी तपासणारे एक निवृत्त प्राध्यापक होते. ते म्हणाले, "नाव म्हणजे काय असतं ते आधी बघायला या."

मी गेले. एका शनिवारी गेले ती पुढे बरेच शनिवार जात राहिले.

पिठ्या ढेकूण डोळ्यांनी बघून ओळखता येत नाही. तीन-चार मिलिमीटरचा जीव, वरून सगळेच पांढरे. फार तर अंगावर काळसर ठिपक्यांच्या जोड्या दिसल्या तर एक अंदाज बांधायचा. खरी ओळख स्लाइडवर. प्रौढ मादीच लागते. ती अल्कोहोलमध्ये ठेवायची, पोटाला बारीक छेद द्यायचा, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात कोमट करायची, म्हणजे आतलं मांस-चरबी विरघळते. मग बोथट सुईने हलके हलके दाबून आतलं सगळं बाहेर काढायचं. उरतं फक्त पारदर्शक कातडं. ते गुलाबी रंगात रंगवायचं, पाणी काढून टाकायचं, लवंगेच्या तेलात ठेवायचं आणि कॅनडा बाल्समच्या थेंबात काचपट्टीवर पसरायचं. माझे पहिले पाच ढेकूण फाटले. सहावा उलटा बसला. सातवा जमला.

लवंगेच्या तेलाचा वास आला आणि मला आपली प्रयोगशाळा दिसली. नववीतली कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड आठवते? आमच्या बाकावर एकच सूक्ष्मदर्शक, आणि बाई सारख्या म्हणायच्या, "जे दिसतंय ते काढा, पुस्तकातलं काढू नका." मी पुस्तकातलंच काढायचे. विटांच्या भिंतीसारख्या सुबक पेशी, प्रत्येकीत मधोमध एक केंद्रक. माझी आकृती नोटीस बोर्डावर लागली होती. आज इथे तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका गृहस्थाने मात्र मोठा काळा गोळा काढला होता आणि बाजूला बाण करून लिहिलं होतं, 'हवेचा बुडबुडा'. आपण सगळे हसलो. बाईंनी त्याला पूर्ण मार्क दिले होते. तेव्हा मला तो अन्याय वाटला होता.

तर, कातडं स्लाइडवर आलं की मोजणी सुरू होते. मिशीचे खंड किती, आपल्या कापसावरच्या या ढेकणाला नऊ. कडेला मेण सोडणाऱ्या काट्यांच्या जोड्या किती, अठरा. पोटाखाली छिद्रं कुठल्या प्रकारची, कुठल्या खंडावर, किती. पाच कप्प्यांची छिद्रं आहेत की नाहीत; याला नाहीत, आणि ते नसणं हीच एक खूण. नवी प्रजाती मांडायची तर हे सगळं वर्णन छापावं लागतं, जवळच्या जाती कुठल्या आणि ही त्यांच्याहून कशात वेगळी ते दाखवावं लागतं, आणि एक नमुना 'मूळ नमुना' म्हणून ठरवून संग्रहालयात ठेवावा लागतो. पुढे कुणाला शंका आली तर त्याने तो नमुना काढून बघायचा. नाव लटकतं ते त्या एका काचपट्टीवर. आणि नियम असा, की एकाच किड्याला दोघांनी नावं दिली असतील तर जुनं नाव टिकतं. मोजदाद १७५८ पासून, लिनियसपासून.

आता कापसाच्या ढेकणाची गोष्ट. २००५ च्या सुमाराला पाकिस्तानातल्या आणि भारतातल्या कापसावर हा पिठ्या ढेकूण उसळला. पाकिस्तानातल्या अभ्यासकांनी स्लाइडा केल्या, छिद्रं मोजली, ती कुठल्याच छापील वर्णनाशी नीट जुळेनात. त्यांनी २००५ मध्ये नवी प्रजाती म्हणून ती मांडली. तिला नाव मिळालं फेनाकॉकस गॉसिपिफिलस, म्हणजे कापूसप्रेमी. नाव किती चपखल! पण २००८ मध्ये ब्रिटिश तज्ज्ञ ख्रिस हॉजसन यांच्याबरोबर त्याच अभ्यासकांनी पुन्हा काम केलं, वेगवेगळ्या हंगामांतले नमुने शेजारी शेजारी ठेवले, आणि दिसलं की एकाच जातीच्या अंगावरच्या खुणा ऋतूप्रमाणे बदलतात. प्रजाती नवी नव्हतीच. तो होता फेनाकॉकस सोलेनॉप्सिस, टिन्स्ली यांनी १८९८ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधून वर्णन केलेला. मुंग्यांच्या वारुळात सापडला म्हणून त्याला मुंगीचंच नाव दिलेलं. पुढची नव्वदएक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. १९९१ मध्ये तो टेक्सासच्या कापसावर कीड म्हणून दिसला.

मला या गोष्टीतला सर्वांत आवडणारा भाग हा, की नाव मागे घेणाऱ्या निबंधावर नाव देणाऱ्यांच्याच सह्या आहेत. आमच्या क्षेत्रात एवढं मोठं मन मी क्वचित पाहिलं आहे. आम्ही चूक दुरुस्त करतो आणि तिला नवं व्हर्जन म्हणतो.

आपल्याकडे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने नऊ राज्यांतल्या ४७ ठिकाणांहून कापसावरचे पिठ्या ढेकूण गोळा केले. २००९ मध्ये त्यांचा निबंध आला. तपासलेल्या नमुन्यांत ९५ टक्के हाच सोलेनॉप्सिस निघाला. मी ज्याचं नाव अण्णांना सांगितलं होतं तो गुलाबी ढेकूणही होता, पण उरलेल्या थोड्यात.

आणि त्याची गांधीलमाशी? तिचीही तीच कथा. ढेकणापाठोपाठ ती शेतांत दिसू लागली. कुणी मुद्दाम आणून सोडलेली नव्हती. २००९ मध्ये अलीगढचे महंमद हयात यांनी तिचं नवी प्रजाती म्हणून वर्णन केलं आणि दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक बंबावाले यांचं नाव तिला दिलं. २०१४ मध्ये इराणमधल्या अभ्यासकांनी जुने नमुने ताडून दाखवलं, की गिरॉल्ट नावाच्या माणसाने १९१५ सालीच हिचं वर्णन करून ठेवलं आहे, अ‍ॅरिझोनाच्या नावाने. म्हणजे ढेकूणही तिकडचा आणि त्याचा काळही तिकडचाच. नाव बदलल्याने एवढी गोष्ट कळली. दोघांची गावं जवळजवळची आहेत, दोघं मागेपुढे समुद्र ओलांडून आले आहेत. बंबावालेई या नावाखाली ते कधी दिसलं नसतं. यादी सुधारल्यावर मी का वैतागले होते, याची मला लाज वाटली.

आता जरा अवघड भाग. हे सगळं कळल्यावर मी अण्णांना सांगायचं टाळत होते. शेवटी एका उन्हाळ्यात, अंगणात बाज टाकून बसलो होतो, तेव्हा सांगितलं. फोनवर ममीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, फोन लांब धरून बघितला. म्हणाले, "हे होतं की. आणि त्यातून बारकं काळं चिलट निघायचं. मी बघितलं होतं. पाच-सहा बोंडं तशीच ठेवली होती, काय निघतंय बघावं म्हणून."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाही?"

"तू कोष म्हणालीस ना, बाई. मी म्हटलं तू शिकलेली, कॉम्प्युटरवर बघून बोलायलीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. शेतात उभं राहून, डोळ्यांनी बघून, बोंडं वेगळी काढून ठेवून त्यांनी जे शोधलं होतं, ते मी दोनशे किलोमीटरवरून एका ओळीत खोडलं होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्या वर्षी सगळेच फवारत होते. आपण थांबलो असतो तरी काय झालं असतं कुणाला ठाऊक." तेही खरंच आहे.

आणि खरं सांगायचं तर, ती माशी एनासियसच होती हे मी सिद्ध करू शकत नाही. अण्णांनी ठेवलेली बोंडं कधीच चुलीत गेली. भावाचे फोटो अजून माझ्या जुन्या मेलमध्ये आहेत. मी ते प्राध्यापकांना दाखवले. त्यांनी बघितले आणि मान हलवली. "नमुना आहे?" नाही. "मग लिहा, ओळख पटली नाही." मी लिहिलं. आमच्या शेतातल्या त्या किड्याच्या नावापुढे माझ्या वहीत आजही तेवढंच आहे.

त्या प्रकल्पाचं पुढे काय झालं, असं जेवताना कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगून टाकते. चालू आहे, बरा चालतो. मी त्यात एक गोष्ट भांडून घालून घेतली. फोटो धूसर असेल तर प्रोग्रॅमने नाव सांगायचं नाही, 'ओळख पटली नाही, नमुना कृषी विज्ञान केंद्रात न्या' असं सांगायचं. विक्रीवाल्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, ग्राहकाला उत्तर हवं असतं. मी त्यांना शेळ्यांचं सांगितलं नाही, पण हटले नाही.

आपल्या जिल्ह्यात तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला विद्यापीठ आहे. ज्यांची शेती अजून घरची माणसं बघतात त्यांनी छोट्या बाटलीत अल्कोहोल ठेवावं. अनोळखी किडा दिसला तर चार-पाच त्यात टाकावे, आणि बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घालावी: तारीख, गाव, पीक. पेनने लिहू नका, शाई विरघळते. माझ्या दोन चिठ्ठ्या तशा कोऱ्या झाल्या आहेत.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून शेवटी हे सांगते. आज सकाळी मी लवकर आले होते. पाण्याच्या टाकीमागे आपली जास्वंद अजून आहे, बुंधा मनगटाएवढा झालाय. तिच्या दोन शेंड्यांवर पिठ्या ढेकूण आहे. मधे तपकिरी दाणेही आहेत, मी सतरा मोजले, त्यातल्या सहांना भोकं आहेत. मामा कार्यक्रमाआधी झाड स्वच्छ दिसावं म्हणून पंप घेऊन निघाले होते, त्यांना मी थांबवलंय. हा ढेकूण सोलेनॉप्सिस आहे की दुसरा कुठला, मला माहीत नाही. चार माद्या बाटलीत घेतल्या आहेत, पुण्याला गेल्यावर स्लाइड करून बघेन. भिंग माझ्या पर्समध्ये आहे. जेवणाला अजून अर्धा तास आहे असं दिसतंय, ज्यांना यायचं असेल त्यांनी टाकीकडे चला.